हत्ती मंजूर

रात्री साडेअकराला लेबलच्या मॅडमचा मेसेज आला. "सर, हत्ती अप्रूव्हड! टीमला खूपच आवडला." मी ताडकन उठून बसलो. बायकोने विचारलं, काय झालं. म्हटलं, हत्ती मंजूर झाला. "मग झोपा ना आता," म्हणाली आणि कूस बदलून झोपली. तिला ती आनंदाची बातमी वाटली.

खरं तर तो हत्ती मंजूर होण्यासाठी लिहिलाच नव्हता. तो कापला जाण्यासाठी होता. हे कुणाला समजावून सांगायचं तर आधी इतवारी समजावून सांगावी लागते.

आमच्या नागपुरात आठवड्याचे वार कॅलेंडरवर कमी आणि रस्त्यावर जास्त सापडतात. मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी ही सगळी वस्त्यांची नावं. पाहुण्याला "बुधवारीला या" म्हटलं की तो तारीख विचारतो. इतवारी त्यातलीच, पण व्यापाराची. इकडे सराफा, तिकडे किराणा ओळ, मध्ये कापड, पलीकडे भांडी. या सगळ्या ओळींत एक गोष्ट समान आहे. सांगितलेला भाव कुणी देत नाही, आणि देईल या हिशेबाने कुणी सांगतही नाही.

बाबांचं किराणा ओळीत दुकान होतं. गिऱ्हाइकाला ते असा भाव सांगत, की त्याने पायरीवरून एक पाय खाली टाकलाच पाहिजे. तो पाय जमिनीला टेकून दुसरा उचलला जाईपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात खरा भाव यायचा. कुणी पहिल्याच भावाला पैसे काढले, तर बाबा दिवसभर उदास असत. "आपण कमी सांगितलं बे," म्हणत आणि संध्याकाळचा चहा अर्धाच पीत.

मी दुकानात बसलो नाही, म्युझिक व्हिडिओचा दिग्दर्शक झालो. पण पायरी काही सुटली नाही. लेबलवाले गाणं पाठवतात, आपण त्यावर ट्रीटमेंट लिहून द्यायची, म्हणजे व्हिडिओत काय काय दिसेल ते. पहिल्या तीन ट्रीटमेंट मी खऱ्या लिहिल्या. मला जे दिसत होतं तेच लिहिलं. त्यातलं जे मला प्राणप्रिय होतं तेच त्यांनी नेमकं कापलं, कारण कापायला दुसरं काही मी ठेवलंच नव्हतं. चौथ्या वेळी बाबांची आठवण आली आणि मी एक विंटेज मोटार टाकली. फोन आला, "सर, मोटार बजेटमध्ये नाही बसत." मी थोडा वेळ गप्प राहिलो, एक सुस्कारा सोडला, आणि म्हटलं, तुम्ही म्हणता तर काढतो. ते इतके खूश झाले, की बाकी कशाला हातच लावला नाही. त्यानंतर दर गाण्यात एक मोटार. कधी भर मे महिन्यात पाऊस, कधी चाळीस ढोल, कधी होडी. नागपुरात होडी! गांधीसागर तलावात उतरवू म्हटलं. पाय टाकला त्यांनी पायरीवरून लगेच.

त्या ओळीने या वेळी हत्ती आला. गाणं नेहमीचंच. नायिका रुसते, नायक समजूत काढतो, मध्ये एक रॅप. मी लिहिलं, नायक इतवारीच्या गल्लीतून हत्तीवर बसून येतो. त्यामागे दडवून मला एकच शॉट वाचवायचा होता, अकरा सेकंदांचा. सकाळी आठला, दुकानं उघडायच्या आधी, भांड्यांच्या दुकानासमोर एक म्हातारा नोकर चिंच-मीठ लावून तांब्याचं घंगाळ घासत बसलेला असतो. गल्ली इतकी अरुंद की ऊन एका फटीतून येतं, घंगाळावर पडतं, आणि समोरच्या भिंतीवर त्याचा एक लाल डोळा हलायला लागतो. घासणारा हात थांबला की डोळाही थांबतो. नायिकेच्या रुसण्याला यापेक्षा चांगलं चित्र मला सुचलं नाही. ट्रीटमेंटमध्ये ते मी मुद्दाम एका ओळीत, कोपऱ्यात लिहिलं. बाकीचं दीड पान हत्ती होता.

मी या धंद्यात आलो त्याचं मूळही एका लाकडी खोक्यात आहे. 1995 साली अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं. केन घोषने केलेला व्हिडिओ. राजकन्येचं स्वयंवर, एकेक उमेदवार नापसंत होतो, आणि शेवटी खोक्यातून मिलिंद सोमण निघतो. आमच्याकडे केबल नवीन होती. सगळं घर टीव्हीसमोर, मीही तोंड उघडं टाकून. बाबांनी चष्मा वर केला. "हा पोट्टा बदामाच्या पेटीतून काहून निघून राहिला?" त्यांना बाकी काही दिसलंच नाही, पेटीची खिळेठोक तेवढी दिसली. आपल्या पेटीतून असं काही निघू शकतं, हे मला मात्र त्या दिवशी कळलं. पुढे 2002 च्या सुमारास वैशाली सामंत आणि अवधूत गुप्तेंचं 'ऐका दाजीबा' गाजलं आणि मराठीतही खोकी उघडू शकतात अशी खात्री पटली. आता तर जळगाव जिल्ह्यातला संजू राठोड 2024 साली 'गुलाबी साडी' करतो आणि अख्खा देश त्यावर कंबर हलवतो. त्यामुळे आम्हा सगळ्या दिग्दर्शकांना लेबलकडून एकच वाक्य ऐकावं लागतं, "गुलाबी साडीसारखं, पण वेगळं." मी एकदा विचारलं, रंग बदलू की कपडा? त्यांनी ते लिहून घेतलं.

आता लेबलची बाजूही सांगायला हवी. ते बिचारे कलेचे शत्रू वगैरे नाहीत, त्यांच्यापुढे एक तक्ता असतो. पहिल्या पाच सेकंदांत चेहरा दिसला पाहिजे, नाहीतर बघणारा अंगठ्याने पुढे सरकतो. पंधरा सेकंदांची एक अशी नाचाची खूण हवी, की ती घराघरांत आत्याबाईंनाही करता आली पाहिजे. तिला हुक स्टेप म्हणतात. वरच्या उजव्या कोपऱ्यात लोगो. आणि हल्ली सगळं दोनदा लागतं, टीव्हीसाठी आडवं आणि मोबाइलसाठी उभं. शॉट एकच. म्हणून नायक-नायिका चौकटीच्या बरोब्बर मध्ये, रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखे, एकामागे एक. बाजूला नाचणाऱ्या चार पोरी उभ्या चौकटीत येतच नाहीत. त्या फक्त टीव्हीवाल्यांसाठी नाचतात. त्यांतल्या एकीच्या आईने मला फोन केला, "भाऊ, आमची पोरगी काढून टाकली का?" मी सांगितलं, काकू, मोबाइल आडवा करा. त्यांनी केला. व्हिडिओ उभाच राहिला, पोरगी आणखीनच बारीक झाली.

शिवाय प्रायोजक. या खेपेला मसाल्यांचे होते. नायिकेच्या हातात पाकीट हवं, आणि ते "नॅचरली". मी म्हटलं, रुसलेली बाई हातात गरम मसाल्याचं पाकीट घेऊन खिडकीत कशी उभी राहील? बरीच घासाघीस होऊन ठरलं, की ती रुसलेली आहे म्हणून पाटवडी-रस्सा करते. नागपुरात रुसण्याची ही पद्धत असू शकते हे मी मान्य केलं, कारण आमच्या घरी आहे. तिखटाचा रस्सा पानात पडला, की आपलं काहीतरी चुकलंय एवढं कळतं.

शूटिंगचा पहिला दिवस किराणा ओळीत. पाठीमागे लाल मिरचीची पोती, रंग सुरेख. मुंबईहून आलेला गायक पोत्यांसमोर उभा राहिला, पहिल्या ओळीला तोंड उघडलं आणि जो ठसका लागला तो मुखड्यापासून अंतऱ्यापर्यंत. हमाल कौतुकाने बघत होते. एकाने सल्ला दिला, "भाऊ, श्वास घ्याचाच नाही इथं. आम्ही कुठं घेतो?"

त्यात आम्हाला स्लो मोशन हवा होता. तो कसा करतात ते सांगतो. कॅमेरा सेकंदाला पंचवीसऐवजी पन्नास चित्रं घेतो आणि नंतर ती पंचवीसच्या चालीने दाखवतात, म्हणजे हालचाल निम्म्या वेगाने होते. पण ओठ गाण्याशी जुळले पाहिजेत. म्हणून शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं आणि गायकाने दुप्पट वेगाने तोंड हलवायचं. पडद्यावर तो मंद वाऱ्यात गहिऱ्या डोळ्यांनी गाताना दिसतो. प्रत्यक्षात तो उंदीर मागे लागल्यासारखा बडबडत असतो. तर त्या दिवशी सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत किराणा ओळीत आमचं प्रेमगीत दुप्पट वेगाने, चिरक्या आवाजात, निदान साठ वेळा वाजलं. ओळीतल्या पोरांना पाठ झालं, पण तसंच. महिन्याभराने गाणं आलं तेव्हा सुपारीवाले सेठजी मला थांबवून म्हणाले, "भैया, वो दिन जो बजाया था वो अच्छा था. ये तो ढीला पड गया." अजूनही तिथली पोरं मला पाहिलं की ते चिरक्या आवाजातच म्हणतात.

दुकानांच्या पाट्यांचा वेगळाच तिढा. लेबलच्या वकिलांचा नियम, कुणाचंही नाव दिसता कामा नये. दुकानदारांचा नियम, नाव दिसत नसेल तर समोर उभंच राहू नका. "पाटी झाकून कोण धंदा करते, सांगा बरं?" एका कापडवाल्या काकांनी विचारलं. शेवटी त्यांच्याच दुकानातल्या साडीने त्यांची पाटी झाकली. साडीचं भाडं त्यांनी लावलं. संध्याकाळी ती साडी धूळ खाल्लेली म्हणून परत घेईनात. ती आता बायकोकडे आहे, आणि मी तिच्यासाठी मुद्दाम आणली अशी घरात समजूत आहे. ती मी मोडलेली नाही.

तडजोडीचं इतकं वाईट वाटून घेऊ नये, असं मी स्वतःला बजावत असतो. मोठमोठ्यांनी केली आहे. क्वीन या बँडने 1975 साली 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चा व्हिडिओ केला, त्यामागे टीव्हीच्या कार्यक्रमात उभं राहून एवढ्या गुंतागुंतीच्या गाण्यावर नुसते ओठ हलवण्याची टाळाटाळ होती. चार तासांत शूटिंग उरकलं, आणि आजपर्यंत लोक त्या अंधारातल्या चार तोंडांची नक्कल करतात. दलेर मेहंदींना लोक म्हणत, तुमचे व्हिडिओ त्यातल्या सुंदर पोरींमुळे चालतात. तर 1998 च्या 'तुनक तुनक तुन'मध्ये त्यांनी पोरीच काढून टाकल्या आणि चार रंगांच्या कपड्यांत चार दलेर मेहंदी नाचवले. मी हे उदाहरण लेबलच्या बैठकीत फार जोरात मांडलं. मला म्हणायचं होतं, अडचणीतून कला निर्माण होते. हिशेबनीस म्हणाला, "म्हणजे कलाकार चार आणि मानधन एकाचं?" त्याच्या डोळ्यांत जी चमक मी पाहिली, ती नंतर तीन बैठका मिटली नाही.

अगदीच जिवावर आलं तर आणखी एक वाट आहे. हॉलिवूडमध्ये सिनेमा हातचा गेला, स्वतःचं नाव लावायची लाज वाटू लागली, की दिग्दर्शक 'ॲलन स्मिथी' हे खोटं नाव लावत. 1969 पासून पुढची तीसेक वर्षं हा गृहस्थ नसूनही चांगला कामात होता. म्युझिक व्हिडिओंवरही त्याचं नाव आलं. इतवारीत ॲलन कुठून आणायचा? मी साळ्याचं नाव लावलं. एका व्हिडिओत गायिकेच्या मागे प्रायोजकाचा प्रेशर कुकर नाचत होता, तो साळ्याचा. आणखी दोन त्याचेच. पुढच्या वर्षी त्याच्या लग्नाची बोलणी आली तेव्हा मुलीकडच्यांनी ते तिन्ही व्हिडिओ पाहिले आणि पसंती कळवली. माझे सासरे आता मला विचारतात, "जावईबापू, तुमचंही असं काही येऊन राहिलं का?"

तर हत्ती. मंजूर झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन करून हत्तीवरून उतरवायचा प्रयत्न केला. म्हटलं, खरा हत्ती म्हणजे प्राणी कल्याण मंडळाची परवानगी, 2001 चे नियम, कागदपत्रं, डॉक्टर. आणि आमच्या गल्लीत दोन स्कूटी समोरासमोर आल्या तर एकीला दुकानात शिरावं लागतं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सर, तुम्हीच तर लिहिलंय, हत्ती हा या व्हिडिओचा आत्मा आहे." होतं खरं. पान एक, परिच्छेद दोन. बाबांच्या पायरीवर आयुष्यात पहिल्यांदा असं गिऱ्हाईक उभं होतं, ज्याने पाय खाली टाकलाच नाही. बजेट अर्थात तेवढंच.

मी चितार ओळीत गेलो. तिथे आता मेट्रोचं स्टेशन आहे, डिसेंबर 2022 पासून, पण खाली ओळ जुनीच आहे. श्रावण उतरणीला लागला होता, त्यामुळे ओळभर बिनरंगाचे गणपती, वाळत घातलेले हात आणि बांबूचे सांगाडे. हे दिवस मारबतीचेही. बाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी अशा दोन मारबतींची मिरवणूक निघते. काळी 1881 पासून, पिवळी 1885 पासून. सगळी रोगराई, इडापिडा त्यांच्यासोबत गावाबाहेर काढायची आणि जाळून टाकायची. त्यांच्यासोबत बडगे असतात, म्हणजे वर्षभरात ज्याचा राग आला त्याचे कागद-बांबूचे पुतळे. महागाईचा, खड्ड्यांचा, भ्रष्टाचाराचा, शेजारच्या देशाचा. ज्यांचे हात बडगे बांधतात त्यांना हत्ती काय जड?

एक काका सांगाड्याला सुतळी बांधत बसले होते. मी सांगितलं, हत्ती हवा, एक माणूस वर बसेल असा. त्यांनी वर न बघता असा आकडा सांगितला, की माझा एक पाय आपोआप मागे गेला. तो टेकायच्या आत ते म्हणाले, "डोळे मिचकावणारा घेता का साधा?" मी म्हटलं, मिचकावणं कशाला? "तर मग डोळ्याचे कमी करून देतो." मी लगेच हो म्हटलं, आणि घरी येताना मस्कासाथेपाशी लक्षात आलं, की त्यांना डोळे मिचकावणारा हत्ती बांधायचाच नव्हता. तो कापला जाण्यासाठी होता.

हत्ती मात्र झकास झाला. पहाटे चारला हातगाडीवरून निघाला. पुढे एक पोरगं लांब बांबूने विजेच्या तारा उचलत होतं, मागे मी. कुत्री भुंकायचीसुद्धा विसरली. सकाळी नायक वर बसला, हत्ती चार माणसांनी आतून चालवला, आणि खरं सांगतो, त्या गल्लीत ऊन आलं तेव्हा क्षणभर मलाही वाटलं, आत्मा आहे ब्वा याला.

पहिला कट गेला. उत्तर आलं, "सर, सोंड लोगोवर येतेय." लोगो वर उजवीकडे, सोंडही वर उजवीकडे. म्हटलं, लोगो डावीकडे घ्या. लोगो हलत नसतो. मग शॉट आरशासारखा उलटा करून पाहिला, तर झाकायची राहिलेली एक पाटी उलट्या देवनागरीत वाचता येऊ लागली आणि वकील जागे झाले. शेवटी चौकट आत घेतली. सोंड गेली. उभ्या कटमध्ये सुळे गेले, एक कानही गेला. उरलं ते नायकाच्या मागे हलणारं करड्या रंगाचं काहीतरी. गाणं आल्यावर आमच्या आतेभावाने विचारलं, "दादा, मांगं ताडपत्री काहून बांधली होती? पाऊस होता का?"

आणि घंगाळ? लांबी तीन मिनिटांच्या आत बसवायची होती. हत्तीवर एवढा खर्च झालेला, त्याला कसं कापणार? मॅडम फारच समजुतीने बोलल्या. "सर, ते भांडंवालं छान आहे, पण त्याने स्टोरी पुढे जात नाही ना." मी सुस्कारा सोडला. या वेळचा खरा होता, पण त्यांना फरक कळण्याचं कारण नव्हतं. ते अकरा सेकंद माझ्या हार्डडिस्कमध्ये आहेत. त्या म्हाताऱ्या नोकराला नेऊन दाखवले. तो बारकाईने बघत राहिला आणि म्हणाला, "खालून नीट नाही घासल्या गेलं."

हत्ती आमच्या अंगणात उभा. पोळ्याला चार दिवस होते. सकाळी गल्लीतल्या बडग्यावाल्या मंडळाची पोरं आली, सोबत चितार ओळीतले काकाही. "भाऊ, हत्ती द्या न बाप्पा. असाही पावसात सडते." मी म्हटलं, घेऊन जा. त्यांनी हत्तीभोवती एक चक्कर मारली आणि सूचना सुरू झाल्या. रंग काळा पाहिजे. पाठीवर महागाई लिहू, पण अक्षर मोठं, म्हणून पोट वाढवा. सोंडेत गॅसचं सिलिंडर द्या. सोंड मात्र हातभर कमी करा, नेहरू पुतळ्यापाशी तारा खाली आहेत. मी ओसरीवर बसून आरीने सोंड कापायला घेतली. एक पोरगं मोबाइल उभा धरून माझं शूटिंग करत होतं.

मंडळाच्या अध्यक्षाने हत्तीच्या तोंडाकडे नीट बघितलं. "भाऊ, हा डोळे मिचकावते का?"

मी उत्तर देणार तेवढ्यात काका सुतळीचं बंडल सोडवत, कुणाकडेही न बघता म्हणाले, "मिचकावते ना. त्याचे पैसे वेगळे."